लॅपटॉप घेताना कीबोर्ड दाबून पाहावा का?



मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळा सुटल्यावर थांबले. मोठा मुलगा डिप्लोमाला लागलाय, त्याच्यासाठी जुना लॅपटॉप बघून आले होते. "मॅडम, दुकानदाराने दोन दाखवले. एकाचा कीबोर्ड मधे दाबला की खाली जातो. दुसऱ्याचा एकदम दगडासारखा. चार हजार जास्त सांगतोय, पण मजबूत असणार ना?" चार हजार ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. म्हणून मी म्हटलं, उद्या मी पण येते.

कीबोर्ड दबतो का, हे आधी बघू. वर्गात करता येईल असा प्रयोग आहे. दोन सारखी पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा आणि त्यांवर प्लास्टिकची फूटपट्टी आडवी टाका. टोकाशी दाबलं तर काही होत नाही, मध्यावर दाबलं की पट्टी वाकते. आता मध्ये तेवढ्याच उंचीचं तिसरं पुस्तक सरकवा. वाकणं जवळजवळ थांबतं. लॅपटॉपमध्येही हेच असतं. बटणांच्या खाली धातूचा पातळ पत्रा असतो, तो स्क्रूने किंवा वितळवून बसवलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी वरच्या कव्हरला धरलेला असतो. पत्रा पातळ आणि आधार लांब-लांब असले की मधला भाग दबतो. म्हणजे दबण्यावरून पत्रा आणि आधार यांचाच अंदाज येतो, सगळ्या लॅपटॉपचा नाही.

शिवाय आपण दाबतो किती जोरात? एक बटण दाबायला साधारण साठ ग्रॅम वजनाएवढा जोर पुरतो. दुकानात मात्र आपण अंगठा रोवून किलोच्या हिशेबात दाबतो! तसं कोणी टाइप करत नाही. नेहमीसारखं चार ओळी टाइप करा. तेव्हाही पृष्ठभाग हलत असेल तर हाताला त्रास होईल, तो लॅपटॉप नको. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये एकाच बाजूला दबत असेल तर दुरुस्तीत एखादा स्क्रू राहिलाय का, हे जरूर विचारा.

टणक म्हणजे टिकाऊ, असंही नाही. ॲपलने २०१५ मध्ये बटरफ्लाय पद्धतीचा कीबोर्ड आणला. अंग ॲल्युमिनियमचं, बटणं अजिबात न डुगडुगणारी. पण बारीक धूळ आत गेली की बटण अडकायचं, नाहीतर एकच अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ पासून ती पुन्हा जुन्या कात्री पद्धतीकडे वळली.

माझा स्वतःचा भर बिजागरीवर. आमच्या शाळेतल्या एका लॅपटॉपचा कीबोर्ड आजही टणक आहे, पण स्क्रीन उघडली की कोपरा फाकतो. बिजागरी धातूची, पण तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. बिजागरी घट्ट झाली किंवा स्क्रीन रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडली की ते प्लास्टिक तडकतं. (मुलं कोपऱ्यालाच धरतात, कितीही सांगा.) म्हणून स्क्रीन मध्यावर धरून हळूहळू उघडा आणि लक्ष खालच्या कोपऱ्यांकडे ठेवा. फट पडते का? कट् असा आवाज येतो का?

दुसऱ्या दिवशी दुकानात तो 'दगडासारखा' लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवला, तर तो डुगडुगला. एक पाय टेकतच नव्हता. टचपॅड एका बाजूने वर आलेलं, दाबलं तरी क्लिक होईना. आतली बॅटरी फुगलेली होती. फुगलेली बॅटरी वरच्या भागाला खालून रेटा देते, मग वरून तो भाग कडक लागतो. घरच्या लॅपटॉपमध्ये असं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद करा, फुगीर भाग दाबू किंवा टोचू नका, कारण लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. मशीन सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

त्यांनी पहिलाच घेतला. बिजागरी ठीक होती, चारही पाय टेकत होते. वाचलेल्या पैशांतून एसएसडी बसवून घेतली. कीबोर्ड मधे दाबला की अजून खाली जातो, पण मुलगा म्हणतो, टाइप करताना कळतही नाही.