अबोला नव्हे, मौन

बेळगावजवळील सुवर्ण विधानसौधाच्या परिसरात हलगा नावाचे गाव आहे. २०२४ च्या डिसेंबर महिन्यात तेथील ग्रामपंचायतीने एक नवा रिवाज सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजावा, आणि तेव्हापासून दोन तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, वडीलधाऱ्यांनी एकमेकांशी बोलावे, असे ठरले. त्यापूर्वी २०२२ साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने असाच दीड तासाचा नियम केला होता.

ही वार्ता वाचून आम्हांस आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली. कारण दिवसातून तीन वेळा काम थांबविण्याची हाक आपणां ख्रिस्ती लोकांस नवी नाही. सकाळी, दुपारी व दिवेलागणीला आंजेलसची घंटा वाजली की हातातील काम सोडून क्षणभर उभे राहावे, देवपुत्र आमच्यासाठी मनुष्य झाला याचे स्मरण करावे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. आज ती घंटा आपल्यापैकी किती घरांत ऐकू जाते, हे ज्याचे त्याने सांगावे.

तथापि भोंगा यंत्रे बंद करू शकतो. मन शांत करणे त्याच्या हाती नाही. निपाणीकडचे एक घर डोळ्यांसमोर आणा. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसली आहे. पान कातरावे, तंबाखू भरावी, दोरा बांधावा; हजाराचा आकडा पुरा झाल्यावाचून तिची पाठ सरळ होत नाही. थोरला मुलगा कागलच्या कारखान्यातून थकून आला आहे. धाकटा शेत पाहतो. वडिलांच्या आजारपणात कोणी किती खर्च केला, यावरून दोघा भावांचे बिनसले, आणि गेले सहा महिने ते एका ताटलीतली भाकरी खातात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. टीव्ही मोठ्याने चालू असतो, म्हणून हे कोणास फारसे जाणवत नाही. एके दिवशी तो बंद केला, की मग घरातला अबोला कानठळ्या बसविल्यासारखा ऐकू येतो.

म्हणूनच शांत बसण्याची आपणांस भीती वाटते. गोंगाट हे पुष्कळदा जखमेवर टाकलेले फडके असते. पण झाकलेली जखम बरी होत नाही.

अबोला आणि मौन ही बाहेरून सारखी दिसतात. दोन्हींत तोंड मिटलेले असते. परंतु अबोल्यात मनुष्य आपल्याशीच बोलत राहतो, दुसऱ्याचे अपराध पुन्हा पुन्हा मोजतो. मौनात तो ऐकू लागतो. एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा असता प्रचंड वारा आला, भूकंप झाला, अग्नी पेटला. त्यांपैकी कशातही प्रभू नव्हता. त्यानंतर जो अगदी मंद स्वर आला तो ऐकून एलियाने आपले तोंड झाकून घेतले. तो मंद स्वर अंगावर ओरडत नाही. आपण गप्प होईपर्यंत थांबतो.

कोणी म्हणेल, हे मठातल्या लोकांना शोभते. आम्हां कष्टकऱ्यांना सवड कोठे? ५ जानेवारी १९६४ रोजी पोप सहावे पौल नाझरेथास गेले, तेव्हा त्या गावाकडून शिकण्याचे तीन धडे त्यांनी सांगितले. पहिला मौनाचा, दुसरा कुटुंबजीवनाचा, तिसरा श्रमाचा. हे तिन्ही धडे एकाच घरातले आहेत, हे ध्यानात घ्यावे. नाझरेथचे घर सुताराचे होते. तेथे लाकूड तासल्याचा आवाज होता, पाणी भरणे होते, दळण होते. संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही, पण देवाची आज्ञा कळताच तो रात्रीच उठून मिसरास निघाला. पवित्र मरियेने घडलेल्या गोष्टी अंतःकरणात जतन करून ठेवल्या. असे मौन आळशाचे नव्हे; ते कामकरी घराचे आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सायंकाळच्या रोजरीपूर्वी केवळ दहा मिनिटे. मोबाईल बंद करून फडताळात ठेवावेत. आईने सूप बाजूला ठेवावे. त्या दहा मिनिटांत ज्या विड्या व्हायच्या त्या नंतर इतरांनी तिला हातभार लावून पुऱ्या कराव्यात, नाहीतर आपली भक्ती तिच्या निजेतून वजा होईल. क्रूसासमोर दिवा लावून सर्वांनी बसावे. संत इग्नासियसने शिकविलेले आत्मपरीक्षण येथे उपयोगी पडते: आजच्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानावे, स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाश मागावा, सकाळपासूनचा दिवस आठवावा, जे चुकले त्याची क्षमा मागावी, उद्यासाठी एक लहानसा निश्चय करावा. लहान मूल चुळबुळ करील. त्याला मांडीवर घ्यावे, दटावू नये. नोकरीसाठी पुण्या-मुंबईस राहणाऱ्या मुलानेही त्याच वेळी आपल्या खोलीत बसावे. घर तेवढे जवळ येईल.

पहिले काही दिवस जड जातील. डोक्यात उसाचे बिल येईल, हप्ते येतील, भावाचे कडू शब्द येतील. आले तर येऊ द्यावेत. तेच देवापुढे ठेवावेत. वर सांगितलेल्या घरात दहा मिनिटांनी समेट होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या भावाचे अपराध मोजता मोजता थोरल्याला एखाद्या सायंकाळी आपलाही एक अपराध आठवेल. मग रोजरी संपल्यावर तो कदाचित एवढेच विचारील, “उद्या पाण्याची पाळी किती वाजता आहे?” सहा महिन्यांनंतर बोललेला तो पहिला शब्द असेल. त्या घराची आई त्या शब्दाचे मोल जाणील, आणि देवही.