नवऱ्याच्या कागदावर बायकोचे नागरिकत्व

आपल्या समाजात लग्न ठरले की मंडप, जेवणावळ, बँड आणि पत्रिका यांचा हिशेब महिनाभर चालतो. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडून, त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागते. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि एक काम तसेच राहते, ते म्हणजे विवाहाची नोंदणी. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "सगळ्या गावाने लग्न पाहिले, आता कागद कशाला?" आमचे म्हणणे असे की गावाने पाहिलेले लग्न सरकारने पाहिलेले नसते. आणि जिथे प्रश्न नागरिकत्वाचा येतो, तिथे सरकार फक्त कागदच पाहते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. उरण तालुक्यातील मोरा बंदर घ्या. भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते ते हे बंदर. पलीकडे १९८९ साली न्हावा-शेवाचे मोठे बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही धावू लागली. या किनाऱ्यावरची पोरे जहाजावर जातात, आखातात नोकरीला जातात. जिथे माणसे समुद्र ओलांडतात तिथे सोयरिकीही समुद्र ओलांडतात. समजा, इथल्या एका बौद्ध तरुणाने आखातात काम करताना भेटलेल्या श्रीलंकेच्या बौद्ध मुलीशी लग्न केले आणि तिला घरी आणले. धम्म एक, मने जुळलेली, सासूलाही सून पसंत. आता ती भारतीय झाली काय? नाही. लग्नाने ती या घराची सून झाली, या देशाची नागरिक झाली नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न साधा नाही हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत नागरिकत्वाचे कलम मांडताना ते म्हणाले होते की, एखादा अपवाद सोडला तर दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नाही. फाळणीने लाखो माणसे इकडची तिकडे झाली होती. त्या कोट्यवधींच्या प्रश्नाला संविधानाने उत्तर दिले आणि ५ ते ९ ही कलमे २६ जानेवारी १९५० ची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू केली. पुढचा कायदा करण्याचे काम कलम ११ प्रमाणे संसदेवर सोपवले. संसदेने १९५५ साली नागरिकत्व कायदा केला. विवाहाच्या आधारे नागरिकत्व मिळण्याची तरतूद त्याच्या कलम ५(१)(क) मध्ये आहे.

या एका तरतुदीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९५५ साली ती भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या 'स्त्रियां'साठी होती आणि तिचा विवाह आज टिकून आहे की पूर्वी झाला होता, दोन्ही चालत होते. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' आला, म्हणजे परदेशी नवऱ्यालाही दार उघडले. ही समतेची गोष्ट झाली. मात्र त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली आणि 'विवाह झालेली होती' हे शब्द काढून टाकले. आज फक्त 'विवाहित आहे' एवढेच उरले आहे.

वाचकहो, हे दोन शब्द गेल्याने काय झाले ते नीट समजून घ्या. सहाव्या वर्षी नवरा मेला, सोडून गेला किंवा फारकत झाली, तर विवाहाच्या आधारे अर्ज करण्याचे दार बंद! सात वर्षे त्या घरची भाकरी थापलेली, पोरे जन्माला घातलेली बाई पुन्हा परकी. नवऱ्याने मारले तरी ती तक्रार करताना दहा वेळा विचार करणार, कारण तिचे उद्याचे नागरिकत्व त्याच्या नावावर टांगलेले आहे. स्त्रीला नवऱ्याची सावली मानणारी मनूची वृत्ती केवळ पोथीत राहत नाही, ती कायद्याच्या एखाद्या क्रियापदातही शिरून बसते. साहेबाच्या इंग्लंडातही १९१४ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या ब्रिटिश बाईला परदेशी ठरवले होते. आपल्या देशात हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्हाला हा प्रश्न विचारावाच लागेल.

आता कागदपत्रांकडे वळू. मुख्य कागद चार आहेत. पहिला, अर्जदाराचा मुदतीतला परदेशी पासपोर्ट. दुसरा, भारतात राहण्याचा मुदतीतला निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा. तिसरा, नवरा किंवा बायको भारतीय असल्याचा पुरावा, म्हणजे त्याचा भारतीय पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला. चौथा, विवाह निबंधकाने दिलेले विवाह प्रमाणपत्र. लग्नाचा फोटो चालत नाही, पत्रिका चालत नाही, विहारातील भन्तेंची किंवा बौद्धाचार्यांची सही एकटी चालत नाही.

सात वर्षांचा हिशेबही कागदावरच होतो. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात काढलेले हवेत आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे इथे वास्तव्य हवे. म्हणजे आई आजारी म्हणून शेवटच्या वर्षात माहेरी गेलेल्या लेकीचा हिशेब तिथेच मोडू शकतो. पासपोर्टवरचे शिक्के, परवान्याची प्रत्येक मुदतवाढ जपून ठेवावी लागते. एका वर्षी परवान्याची मुदत टळली तर तेवढ्याने सगळे प्रकरण अडते.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचे. मोरा बंदराच्या सुनेला परकीय नागरिक म्हणून नोंदीसाठी नवी मुंबई पोलिसांकडे जावे लागते, कारण मोरा सागरी पोलीस ठाणे त्यांच्या हद्दीत. प्रांत कार्यालय पनवेलला. आणि जिल्हाधिकारी बसतात अलिबागला, म्हणजे करंजाहून रेवसची लाँच धरा, नाहीतर रस्त्याने वळसा घाला. तिथून प्रकरण राज्य सरकारकडे आणि मग दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जाते. मधे पोलीस चौकशी होते. मंजुरी आली तर जुन्या देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा आणि संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 'ओसीआय' कार्ड हा दुसरा मार्ग आहे. पाकिस्तान आणि बांगलादेश वगळता इतर देशांच्या जोडीदाराला नोंदणीकृत विवाहाला दोन वर्षे झाल्यावर ते मागता येते. पण ते नागरिकत्व नव्हे, त्यात मतदानाचा हक्क नाही. शिवाय तिथेही पहिला कागद विवाह नोंदणीचाच!

आधार कार्ड, रेशन कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हेही ऐकावे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी आपोआप भारताचा नागरिक ठरत नाही. आणि जी बाई पासपोर्टशिवाय आली, दलालाने विकून आणली, तिला तर कायदा 'बेकायदा स्थलांतरित' म्हणतो. तिने दहा वर्षे संसार केला तरी तिला विवाहाच्या आधारे नोंदणी मिळत नाही. एवढेच नव्हे, ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्या तिच्या लेकरांना, बाप भारतीय असूनही, जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईच्या कागदाची शिक्षा लेकराला!

२०१९ च्या दुरुस्तीने काहींना सूट दिली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना ती आहे. त्यात बौद्धांचे नाव आहे म्हणून काही बांधव खूश झाले. पण श्रीलंका, म्यानमार, तिबेटचे बौद्ध त्यात नाहीत. आमच्या वर सांगितलेल्या सुनेला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि शेजारच्या देशातून आलेल्या मुसलमान बाईला धर्मामुळे वगळले, ते कलम १४ च्या समतेत कसे बसते, हा प्रश्न नावे यादीत घातल्याने मिटत नाही.

ज्यांच्या घरात परदेशी सून नाही त्यांनीही आसामकडे पाहावे. तिथे नागरिक नोंदणीच्या वेळी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या गरीब बायकांकडे बापाशी नाते दाखवणारा कागदच नव्हता. शाळा नाही, जन्मदाखला नाही. ग्रामपंचायत सचिवाचा दाखला हाच आधार होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो अमान्य केला. रूपजान बेगम प्रकरणात ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पडताळणीच्या अटीवर, तो पुन्हा ग्राह्य धरला. तरीही ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीबाहेर १९,०६,६५७ माणसे राहिली. तपासणीची वेळ आली की आधी कोण अडकते? जिचे नाव लग्नात बदलले, गाव बदलले आणि कागद नवऱ्याच्या ट्रंकेत राहिले, ती.

म्हणून आमचे सांगणे असे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने नव्वद दिवसांत विवाह नोंदवायचा असतो. ग्रामपंचायत असो वा नगरपरिषद, वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्यांनी ते काम होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश दिले. जोडीदार परदेशी असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न करणे सर्वांत सुरक्षित. खुद्द बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत माईसाहेबांशी नोंदणी विवाहच केला होता. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी रास्त आहे, पण तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही.

प्रत्येक विहारात रविवारी दोन शिकलेली पोरेपोरी टेबल टाकून बसू द्या. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी आधी नोंदणीचा अर्ज मागावा, मग मंगलपरिणय लावावा. प्रमाणपत्राच्या दोन प्रती काढाव्यात, एक सुनेच्या स्वतःच्या हाती द्यावी. तिचा पासपोर्ट तिच्याकडेच राहील हे सासरच्यांनी पाहावे. आणि आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावे की विधवा आणि टाकलेल्या बाईसाठी १९५५ च्या कायद्यात असलेले ते दोन शब्द परत कधी येणार?

कागद नसणे हा गुन्हा नाही. पण कागद असूनही तो बाईच्या हाती न देणे, हा मात्र अन्याय आहे आणि तो आपल्या घरापासून थांबवता येतो. जयभीम!