किनाऱ्यावर अडकलेली केबल

माझ्या टेबलासमोर जगातल्या समुद्री केबलींचा नकाशा वर्षानुवर्षं टांगलेला आहे. घरचे त्याला 'कोळ्याचं जाळं' म्हणतात. वर्सोव्याला येणाऱ्या रेषा मोजण्याची हौस लवकरच फिटली. नजर खिळली ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. पोर्तुगालहून खाली उतरणारी सॅट-३, आणि दक्षिण आफ्रिकेतून पुढे कोचीला येणारी तिची जोडीदारीण सेफ. २००२पासून पुढची काही वर्षं नायजेरियासारख्या अवाढव्य देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल म्हणजे ही सॅट-३, आणि तिची चावी एकट्या सरकारी नायटेल कंपनीच्या कनवटीला होती.

फुंके ओपेके ही बाई मला या नायटेलच्या भानगडी वाचताना भेटली. इफेच्या विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, कोलंबिया विद्यापीठात पुढचं शिक्षण, न्यूयॉर्कमध्ये व्हेरायझनची नोकरी, २००५मध्ये मायदेशी परत येऊन एमटीएन नायजेरिया या मोबाइल कंपनीची तांत्रिक प्रमुख. इथवरची हकीकत कुठल्याही सत्कारात ऐकायला मिळेल. खरी गंमत नायटेलच्या विक्रीत आहे.

२००१मध्ये इन्व्हेस्टर्स इंटरनॅशनल या लंडनच्या कंपनीने नायटेलच्या ५१ टक्के भागांसाठी १३१ कोटी ७० लाख डॉलर बोलले. इसार भरला, उरलेले पैसे आलेच नाहीत, इसार बुडाला. मग कारभार पेंटास्कोप या डच कंपनीकडे सोपवला. तेही दोन वर्षांत फिसकटलं. २००५मध्ये इजिप्तच्या ओरास्कॉमने २५ कोटी ६५ लाख देऊ केले. सरकारने नाक मुरडलं: फारच थोडे! पुढच्या वर्षी ट्रान्सकॉर्प या कंपनीने ५० कोटींत ५१ टक्के घेतले, २००९मध्ये सरकारने तो व्यवहारही मोडला. २०१०मध्ये कुणी २५० कोटी बोललं आणि तेही हवेत विरलं. मला यात निव्वळ भ्रष्टाचार दिसत नाही. घरातली जुनी पितळी भांडी सोन्याच्या भावाने मोडायला निघालेल्या माणसाचा हट्टही दिसतो.

ट्रान्सकॉर्पच्या काळात ओपेके काही काळ नायटेलमध्ये होत्या. सॅट-३ची चावी कशी वापरली जाते, हे त्यांनी आतून पाहिलं. २००८मध्ये त्यांनी मेन वन ही स्वतःची कंपनी काढली. तेही जगभरच्या बँका कोसळत असताना! खर्च सुमारे २४ कोटी डॉलर. आफ्रिकेतल्याच बँका आणि वित्तसंस्था पाठीशी उभ्या राहिल्या. टायको कंपनीने पोर्तुगालमधल्या सेशालपासून आक्रामार्गे लागोसपर्यंत सुमारे ७,००० किलोमीटर केबल टाकली. खोल समुद्रात ती बागेच्या नळीएवढीच जाड असते. प्रकाशाला ठरावीक अंतरावर जोर देणाऱ्या रिपीटरांना वीज पुरवली जाते ती किनाऱ्यावरून, त्याच केबलमधल्या तांब्यातून. जुलै २०१०मध्ये ती सुरू झाली. ग्लोबाकॉम या दूरसंचार कंपनीची केबलही त्याच सुमारास आली, पण मेन वनचा धंदाच मुळी इतर कंपन्यांना घाऊक क्षमता विकण्याचा.

समुद्र दोन वर्षांत ओलांडला. घोडं अडलं ते जमिनीवर. लागोसच्या किनाऱ्यावर क्षमता पडून, आणि आत न्यायची तर रस्ता खोदायला हवा. खोदाईची परवानगी राज्याची, दरही राज्याचा. २०१३मध्ये मीटरमागे १४५ नायरा असा एकच दर ठरला. अनेक राज्यांनी तो धाब्यावर बसवून हवे तेवढे पैसे मागितले. (खोदाई-शुल्कावरून महापालिकेशी चालणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.) ओपेके याबद्दल जाहीरपणे बोलत राहिल्या, आणि थांबून न राहता २०१५मध्ये लागोसच्या लेक्की भागात डेटा सेंटर उभारलं. मला वाटतं, कंपनीची खरी किंमत तिथे ठरली. केबल माल आणते; पण माल ठेवायला कोठार लागतं.

२०२२मध्ये अमेरिकेच्या इक्विनिक्स या डेटा सेंटर कंपनीने मेन वन ३२ कोटी डॉलरना विकत घेतली.

आणि नायटेल? ती २०१५मध्ये, एमटेल या मोबाइल शाखेसकट, नॅटकॉम या कंपनीच्या ताब्यात गेली. ५१ टक्के नव्हे, सगळीच्या सगळी. २५ कोटी २२ लाखांना.