चिखलावरचं सारवण

ओहोटीच्या वेळी मांडव्याच्या जेट्टीवर उभं राहून कधी खाली बघितलंय? मुंबईहून आलेली मंडळी बोटीतून उतरतात, नाकाला रुमाल लावतात, "शी, काय हा चिखल!" म्हणतात आणि अलिबागच्या बसकडे पळतात. त्यांना तिथे फक्त घाण दिसते. पण त्याच चिखलावर शेकडो घरांची चूल पेटते, हे त्यांना कोण सांगणार?

बचत गटाच्या कामामुळे माझं मांडवा, सासवणे, रेवस या बाजूला वरचेवर जाणं होतं. रेवसजवळ अंबा नदी धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळते. नदीचा गाळ आणि भरतीचं पाणी यांच्या झटापटीतून इथे चिखलाचे मोठमोठे पट्टे तयार झालेत. ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलात उतरतात. तिसऱ्या, निवट्या, खेकडे, जे मिळेल ते टोपलीत. एका मावशींना मी विचारलं, नेमकं कुठं शोधायचं हे कसं कळतं हो? त्या म्हणाल्या, "ताई, नुसता करडा चिखल दिसला तर पुढं जायाचं. वर तपकिरी साय धरलेली दिसली की थांबायचं."

ही साय म्हणजेच आजचा आपला विषय. चिखलाच्या पाठीवर वाढणारं हे सूक्ष्म शेवाळ. त्यात मुख्य असतात ते डायटम. एकेक जीव एवढा लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर अगदी कुंकवाच्या करंड्यासारखा! तळ आणि त्यावर बसणारं झाकण, तेही काचेसारख्या पारदर्शक सिलिकाचं. ओहोटीला ऊन पडलं की हे जीव चिखलातून सरकत वर येतात, उन्हावर आपलं अन्न तयार करतात आणि भरती यायच्या सुमाराला पुन्हा खाली जातात. चिखलात प्रकाश जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो, म्हणजे सगळा कारभार तेवढ्या जाडीत! सरकण्यासाठी ते चिकट द्रव सोडतात. त्याने चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. आपण अंगण शेणाने सारवतो ना, धूळ उडू नये म्हणून? तस्संच. हे सारवण खरवडलं गेलं की लाटा गाळ सहज उचलून नेतात.

आता या सायीवर जेवायला कोण कोण येतं बघा. निवटी मान डावी-उजवीकडे हलवत चिखल चाटत जाते. एक नांगी मोठी असलेले ते छोटे खेकडे चिखल तोंडात घालतात, शेवाळ काढून घेतात आणि उरलेल्याच्या गोळ्या टाकतात. भरतीबरोबर बोय येते आणि तळ चरते. लाटेने उचललेले डायटम तिसऱ्या गाळून खातात. कोळंबीची पिल्लंही इथेच वाढतात. आणि या बोयांवर, कोळंबीवर डोळा ठेवून असतो आपला जिताडा! रायगडात जावयाला जिताडं वाढलं की सासरची पत राखली जाते. पण त्या ताटाची सुरुवात चिखलावरच्या सायीपासून होते हे आपल्या गावीही नसतं.

खाडी म्हटलं की आपण तिवरांचंच नाव घेतो. ते बरोबरच आहे, तिवरं हवीतच. पण तिवराचं पान चिवट, कुजून मऊ व्हायला वेळ लागतो. शेवाळ म्हणजे ताजी कोवळी भाजी. आंध्रातल्या कोरिंगाच्या आणि श्रीलंकेतल्या तिवरांमध्ये काही शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या अंगातल्या कार्बनवरून त्यांचं अन्न शोधलं. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की अनेक प्राण्यांच्या पोषणात पानांपेक्षा शेवाळाला महत्त्व आहे. पलीकडे ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात ना, त्यातला लहान रोहित तर मुख्यतः सूक्ष्म शेवाळावरच जगतो. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला. गुलाबी पाहुण्यांचे फोटो सगळे काढतात, त्यांच्या ताटाचा फोटो कोण काढतो?

ही साय नाजूक असते. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडलं आणि त्याचे काळे थर आपल्या किनाऱ्यालाही लागले. तेलाचा थर बसला की चिखलाला ऊनही नाही आणि हवाही नाही. त्या वेळी लोकांनी मासळी खाणंच सोडलं होतं. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने तेव्हा काय करायचं?

आणि आता मला खरी काळजी वाटते ती भरावाची. मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट आली, गाड्या आल्या, जमिनीचे भाव चढले. सोय झाली हे मीही मान्य करते, आजारी माणसाला मुंबईला न्यायचं तर केवढा आधार! पण सोयीबरोबर "ही पडीक जागा आहे, भरून टाकू" ही भाषाही येते. २०१९ च्या किनारी नियमांत 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्ट्यांना सगळ्यात कडक, म्हणजे पहिल्या वर्गातल्या 'अ' गटाचं संरक्षण आहे. बाकीचा भरती-ओहोटीमधला पट्टा 'ब' गटात जातो, आणि तिथे बंदरं, जेट्ट्या यांसाठी भरावाला परवानगी मिळू शकते. म्हणजे चिखल जिवंत की मेलेला, यावर सगळं ठरतं! नकाशावर ती रेघ ओढताना चिखलात उतरणाऱ्या बाईला कोणी विचारतं का? बोटवाल्याला निदान डिझेलचा परतावा मिळतो; ही पायी जाणारी. तिच्याकडे ना बोट, ना तिची कुठे नोंद.

म्हणून आमच्या गटातल्या बायकांनी एक वही केली आहे. साय कुठे धरते, कोणत्या महिन्यात, तिथे काय मिळतं, सगळं त्यांच्याच शब्दांत. जागांची नावंही त्यांचीच, कुठल्याच सरकारी नकाशावर नसलेली. किनाऱ्याच्या नकाशावर जनसुनावणी लागली की ती वही घेऊन जायचं आहे. रेवसच्या बाजूची एक जागा अजून बाकी आहे. येत्या अमावास्येला पाणी लांब ओसरेल, तेव्हा मावशींबरोबर मीही उतरणार आहे.