सिंहांच्या मुलखात तीन स्काउट

१९२८ साली अमेरिकेच्या स्काउट संघटनेने तीन मुलांना थेट पूर्व आफ्रिकेत पाठवले. रॉबर्ट डिक डग्लस, डेव्हिड मार्टिन आणि डग्लस ऑलिव्हर. ऐन मिसरूड फुटण्याच्या वयातली पोरं!

यजमान होते मार्टिन आणि ऑसा जॉन्सन, वन्यजीवांवर चित्रपट काढणारे नावाजलेले दांपत्य. सेरेंगेटीच्या सपाट माळावर, म्हणजे आजच्या टांझानियात, त्यांचा तळ पडला. सिंहाला मोटारीची विशेष भीती नसते. गाडी त्याला भक्ष्यही वाटत नाही, शत्रूही नाही. त्यामुळे उघड्या गाडीतून अगदी जवळून छायाचित्रे घेता येत. मात्र या पाहुण्यांकडे कॅमेऱ्यासोबत बंदुकाही होत्या. त्या काळी शिकार हा सफारीचा मानाचा भाग समजला जाई. आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

तळ चालायचा तो स्थानिक हमाल, आचारी आणि बंदूक वाहणाऱ्या मदतनीसांच्या जिवावर. पण या सफारीवर निघालेल्या पुस्तकावर नावे लागली ती तिघा मुलांचीच. हा माळ मासाई गुराख्यांचा. त्यांची गुरे आणि रानटी जनावरे एकाच कुरणात चरत. १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५९ मध्ये मासाईंना ते सोडून शेजारच्या गोरोंगोरोकडे जावे लागले.

तिघांपैकी ऑलिव्हर पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाला. त्याचा अभ्यासविषय मात्र आफ्रिका नव्हता, तर पॅसिफिक बेटांवरचे लोक. १९५५ साली सॉलोमन बेटांवरच्या समाजाविषयी त्याचा ग्रंथ आला.