समांतर बदल आणि प्रतिमानांची सुसंगती

मोठी संगणक-प्रणाली रचताना तिचे एकच वर्णन पुरत नाही. १९९७ साली प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेलेल्या यूएमएल या आरेखन-भाषेत प्रणालीतील घटकांचे व त्यांच्या संबंधांचे चित्र काढले जाते. त्याच घटकांची माहिती साठविणाऱ्या तक्त्यांचा आराखडा निराळा असतो. अशा प्रत्येक वर्णनास संगणकशास्त्रात 'प्रतिमान' म्हणतात. एकातील काही तपशील दुसऱ्यात नसतोच. त्यामुळे एकात बदल झाला की दुसऱ्यात नेमके काय बदलावे, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

बदल एकाच बाजूने झाला असेल तर वाट त्यातल्या त्यात सोपी. बंगालीत तृतीयपुरुषी सर्वनामाला लिंगभेद नाही. मराठी कथेच्या बंगाली भाषांतरात कोणी एक वाक्य सुधारले आणि ती सुधारणा मराठीत आणावयाची झाली, तर 'तो' की 'ती' हे पुष्कळदा केवळ त्या वाक्यावरून कळत नाही. जुने मराठी पान समोर असावे लागते. बेंजामिन पीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या 'लेन्स' या संकल्पनेचे मर्म हेच आहे. परतीच्या वाटेवर बदललेल्या रूपाबरोबर जुने मूळही हाती घ्यावयाचे असते.

खरी अडचण दोन्ही बाजू एकाच वेळी बदलतात तेव्हा येते. समजा, एका ग्रंथालयाच्या प्रणालीत चित्र रेखाटणाऱ्याने 'वाचक' या घटकाचे नाव 'सभासद' केले. त्याच दिवशी तक्ते सांभाळणाऱ्याने 'नाव' या रकान्याचे 'प्रथम नाव' आणि 'आडनाव' असे दोन भाग केले. हे बदल परस्परांच्या आड येत नाहीत. पण 'सभासद' म्हणजे कालचाच 'वाचक', हे यंत्राने जाणावे कसे? नुसती नावे ताडून पाहिली तर एक घटक नष्ट झाला व दुसरा जन्मला असेच त्यास दिसेल, आणि त्याबरोबर रकान्यांची नवी विभागणीही पुसली जाईल. अँडी श्यूर यांनी १९९४ साली मांडलेल्या 'त्रि-आलेख व्याकरणा'त यावर उपाय आहे: दोन प्रतिमानांखेरीज, इथला कोणता घटक तिथल्या कोणत्या घटकाशी जोडलेला आहे याचा तिसरा आलेख स्वतंत्रपणे राखला जातो. आपल्याकडे मूळ आणि भाषांतर दोन्ही जपली जातात. त्यांना जोडणारी भाषांतरकाराची टिपणवही मात्र बहुधा रद्दीत जाते!

हा तिसरा आलेख आणि दोन्ही बदलांपूर्वीची सामाईक स्थिती हाती असली, तर परस्परांशी संबंध नसलेले बदल बहुतांशी यांत्रिकपणे एकत्र करता येतात. आता दुसरा प्रसंग घ्या. घरचा पत्ता खाजगी बाब आहे म्हणून एकाने चित्रातून 'पत्ता' काढून टाकला. पुस्तके टपालाने पाठवावयाची म्हणून दुसऱ्याने तक्त्यात तोच रकाना सक्तीचा केला. दोघांचे काम आपापल्या जागी निर्दोष आहे. 'नंतरचा बदल ग्राह्य' किंवा 'वगळलेले परत आणावे' असे नियम करता येतात आणि केलेही जातात. परंतु त्या नियमाआड ग्रंथालयाने सभासदांचे पत्ते बाळगावेत की नाही, हा निर्णय कोणी न घेताच घेतला जातो. विसंगती हुडकणे यंत्राला जमते. ती मिटविताना कोणाला विचारावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

महाभारताच्या, १९६६ साली पूर्ण झालेल्या, पुण्याच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली अन्य पाठ नोंदलेले आहेत. आवृत्त्यांचा इतिहास राखणाऱ्या संगणक-प्रणालीतही नाकारलेला बदल शोधून काढता येतो. मात्र तो का नाकारला, हे कोणी मुद्दाम लिहून ठेवले असेल तरच तिथे सापडते.