थांबावे की घ्यावे?

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने जळगावच्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपचे वजन त्याच्या खांद्यालाच ठाऊक! नवा घ्यायचे ठरते न ठरते तोच घरात कोणीतरी म्हणते, "हलके मॉडेल येणार आहे म्हणे, थोडे थांबू या का?"

या प्रश्नावर एक मागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा एम-१ मॅकबुक एअर आला. वजन १.२९ किलो, किंमत ९२,९०० रुपयांपासून. आतले यंत्र नवे, पण अंगरखा जुनाच! नव्या अंगरख्याचे मॉडेल आले ते जुलै २०२२ मध्ये. वजन १.२४ किलो, किंमत १,१९,९०० रुपयांपासून. पडदा थोडा मोठा आणि यंत्र अधिक चपळ, हे खरे. परंतु वीस महिने थांबणाऱ्याच्या खांद्यावरचा भार उतरला अवघा ५० ग्रॅम. केळ्यांच्या या मुलखात सांगायचे तर एका केळ्याहूनही कमी! खिशावरचा भार मात्र २७,००० रुपयांनी वाढला. शिवाय त्यांतले कितीतरी महिने करोनामुळे घरबसल्या शिकण्याचे होते.

म्हणून जुना लॅपटॉप नीट चालत असेल तर खुशाल थांबावे. नव्याची तारीख जाहीर झाली असेल तर महिनाभर थांबणे शहाणपणाचेच; जुन्या मॉडेलची किंमतही कदाचित उतरेल. परंतु प्रकल्प किंवा परीक्षा दाराशी येऊन उभी असेल, तर अफवेच्या भरवशावर मुलाचे वर्ष टांगून ठेवू नये. आपला कापूसवाला शेतकरी चांगल्या बियाण्यासाठी थांबतो. पण वाफसा निघून जाईपर्यंत नव्हे.